एकट्या माणसाची गोष्ट सांगतं कोण?

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, की अमेरिकन कथा वाचायला सुरुवात कुठून करावी. मी काही जुन्या कथा सुचवल्या: मेलव्हिल, हॉथॉर्न, विला कॅथर, शेरवुड अँडरसन, फॉकनर, हेमिंग्वे, शिवाय दोन-तीन. यादी करताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं, पण वाचकांच्या बरोबर आलं. यातलं जवळजवळ प्रत्येक माणूस एकटं आहे. या महिन्यातली बहुतेक पत्रं त्यावरच आहेत. पत्रं लांबलचक होती, त्यांचा गाभा तेवढा देते आहे.

“बाई, मी सव्वीस वर्षांचा आहे. ‘बार्टलबी’ दोनदा वाचली. तो कामाला नकार का देतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. वकील तर भला माणूस वाटतो. मग ही गोष्ट आहे कशाबद्दल? आणि त्याच्या त्या एका वाक्याचं मराठी तुम्ही काय कराल?”

तुझा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर मला त्याच्याशी झगडतानाच सापडलं.

ज्यांनी गोष्ट वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हर्मन मेलव्हिलची ही कथा १८५३च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये ‘पटनम्स मंथली’ मासिकात दोन भागांत छापून आली, लेखकाच्या नावाशिवाय. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एका वकिलाचं ऑफिस आहे. टायपरायटर अजून यायचा होता, त्यामुळे कागदपत्रांच्या नकला हाताने व्हायच्या. शंभर शब्दांना चार सेंट हा दर. बार्टलबी तिथे नकलनवीस म्हणून लागतो. आधी तहानभूक विसरून लिहीत सुटतो. तिसऱ्या दिवशी वकील त्याला एक कागद ताडून पाहायला हाक मारतो, तर तो जागेवरून न हलता शांतपणे म्हणतो, ‘आय वुड प्रिफर नॉट टू.’

‘मी करणार नाही’ म्हटलं तर ते बंड झालं. ‘जमणार नाही’ म्हटलं तर ती अडचण झाली, आणि अडचणीवर उपाय निघतो. ‘नाही केलेलं बरं’ हे मला बरीच वर्षं आवडत होतं. घरगुती आहे, हळू आवाजातलं आहे. वहीत तेच लिहून ठेवलं होतं. मग वर्गात शिकवताना एक जागा आली आणि ते कोसळलं. गोष्टीत पुढे हा शब्द ऑफिसातल्या सगळ्यांच्या जिभेवर चढतो. टर्की नावाचा म्हातारा कारकून स्वतःच्याही नकळत ‘प्रिफर’ म्हणून जातो आणि वकील दचकतो, की यालाही लागण झाली! आता ‘बरं’ आपण दिवसातून शंभर वेळा म्हणतो. तो शब्द कुणाला लागला तर ऐकणाऱ्याला कळणार कसं? शब्द असा हवा, जो ऑफिसात कुणी एरवी उच्चारत नाही. म्हणून मी ‘पसंत’वर आले: ‘न करणं मी पसंत करीन.’ अवघडलेलं वाक्य आहे. असू दे. त्या ऑफिसात ते इंग्रजीतही अवघडलेलंच होतं.

आणि इथेच मला गोष्ट उलगडली. बार्टलबीचा शब्द सगळ्यांना लागतो, पण त्याच्यापर्यंत कुणी पोचत नाही.

तो नकार का देतो याचं कारण मेलव्हिल देत नाही, आणि ते शोधणं मी सोडून दिलं आहे. त्याऐवजी वकिलाच्या मागे मागे जा. तो बार्टलबीला आपल्याच खोलीत बसवतो, हाकेच्या अंतरावर, आणि मध्ये एक उंच हिरवा घडीचा पडदा लावतो. का, तर हाक ऐकू जावी पण तोंड दिसू नये. या सोयीचा त्याला अभिमान आहे. बार्टलबीच्या खिडकीतून तीन फुटांवर भिंत दिसते, बाकी काही नाही. पुढे एका रविवारी वकील चर्चला जाता जाता सहज ऑफिसात डोकावतो, तर दार आतून बंद. बार्टलबी तिथेच राहतो आहे! त्याचं सामान मेलव्हिलने एकेक करून दाखवलंय: गुंडाळलेलं ब्लँकेट, बुटाच्या पॉलिशची डबी आणि ब्रश, पत्र्याचं घमेलं, साबण, फाटका टॉवेल, वर्तमानपत्रात आल्याच्या बिस्किटांचा चुरा आणि चीजचा तुकडा. टेबलाच्या खणात रुमालात गाठ मारून ठेवलेले साठवणीचे पैसे. आठवडाभर माणसांनी गजबजणारी वॉल स्ट्रीट रविवारी ओसाड असते, आणि त्या ओसाडीत हा एकटा.

वकिलाचं काळीज हलतं. आजवर आपल्याला गोड उदासीपेक्षा जास्त काही जाणवलं नव्हतं, असं तो कबूल करतो. पण पुढच्याच पानावर तो जे सांगतो ते मी वर्गात नेहमी दोनदा वाचायची. बार्टलबीचं एकाकीपण त्याच्या मनात जसजसं मोठं होत गेलं, तसतशी कणवेची जागा किळसेने घेतली. वकील दुष्ट नाही. तू म्हणतोस तसा भलाच आहे. पैसे देऊ करतो, दुसरी नोकरी सुचवतो, एकदा तर ‘माझ्या घरी चल’ म्हणतो. फक्त ते म्हणेपर्यंत त्याने स्वतःचं ऑफिस दुसरीकडे हलवलेलं असतं. बार्टलबीला कामावरून काढणं जिवावर येतं म्हणून तो स्वतःच बिऱ्हाड उचलतो. पुढे बार्टलबीची रवानगी ‘टूम्ब्ज’ तुरुंगात होते. तिथे वकील भेटायला जातो तेव्हा तो मागे न वळता म्हणतो, मी तुम्हाला ओळखतो, आणि तुमच्याशी मला काही बोलायचं नाही.

बावीसाव्या वर्षी मला या गोष्टीचा नायक बार्टलबी वाटला होता. पन्नाशीत, विभागप्रमुख असताना, परत वाचली आणि पुस्तक मिटून बसले. आमच्या विभागात एक बाई कारकून होत्या. कामाला चोख. हळूहळू त्यांनी बोलणं कमी केलं, मग डबा खाताना तोंड कपाटाकडे करून बसायला लागल्या. आम्ही सगळ्यांनी त्याची सवय करून घेतली. मी त्यांना हलकं काम दिलं, वेळेवर रजा दिली, आणि माझ्या मते चांगली वागले. एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्या आल्याच नाहीत. तेव्हा त्यांचा पत्ता विचारला, तर आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हता. बारा वर्षं त्या माझ्या दारासमोर बसत होत्या. हिरवा पडदा मी लावला नव्हता, पण होता.

म्हणून सांगते, ही गोष्ट कुणाबद्दल आहे हे विचारण्याआधी ती सांगतंय कोण ते बघ. वकील सांगतोय, आणि सगळं होऊन गेल्यावर सांगतोय.

“अमेरिकन लेखकांची माणसं इतकी एकटी, कारण त्यांच्याकडे कुटुंबव्यवस्थाच नाही. असं म्हणणं बरोबर ठरेल का?” (एक ज्येष्ठ वाचक)

नाही ठरणार. माझं उत्तर जरा सडेतोड आहे, त्याबद्दल राग मानू नये.

फॉकनरची ‘अ रोझ फॉर एमिली’ (१९३०) घ्या. एमिली ग्रिअरसन बापाच्या घरात वाढली, बापाच्या घरात मेली. तिच्या एकाकीपणाचा पाया कुटुंबानेच घातला. लग्नाला आलेली सगळी मुलं बापाने हाकलून लावली. बाप गेला तेव्हा तीन दिवस ती, बाबा गेलेलेच नाहीत, असं सांगत राहिली. शेजारपाजार आहे, नातेवाईक आहेत, चर्च आहे. तिच्या अंत्ययात्रेला अख्खं गाव लोटतं. पुरुष आदरापोटी जातात आणि बायका घर आतून बघायला मिळावं म्हणून. दहा वर्षांत त्या घरात एका म्हाताऱ्या नोकराशिवाय कुणी पाऊल टाकलेलं नसतं. टपाल घरपोच मिळायला लागलं तेव्हा दारावर नंबराचा पत्रा ठोकू न देणारी गावात ती एकटी होती.

आणि ही गोष्ट सांगतं कोण? गाव सांगतं. ‘वी’, ‘वी’, ‘वी’ अशी ती पहिल्या वाक्यापासून चालते. मराठीत आणायची तर लगेच पेच पडतो: ‘आम्ही’ की ‘आपण’? ‘आम्ही’ म्हटलं तर वाचक बाहेर राहून गावाकडे बोट दाखवू शकतो. ‘आपण’ म्हटलं तर वाचकही त्या कुंपणाशी उभा राहून एमिलीच्या खिडकीकडे बघायला लागतो. फॉकनरच्या इंग्रजीला ही निवड करावी लागली नाही, आपल्याला करावी लागते. मी ‘आपण’ घेईन. मराठी वाचकाला अंग चोरू देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

बाकी, अमेरिकेच्या घडणीत एकटेपणाला कारणं होती, हे तुमचं म्हणणं खरं आहे. मात्र ती कायद्यात आणि जमिनीत शोधावी लागतात. १८६२च्या होमस्टेड कायद्याने वस्ती करणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळायची. अट अशी, की पाच वर्षं त्या जमिनीवर स्वतः राहायचं आणि ती कसायची. म्हणजे गावात एकत्र राहून शेतावर जाण्याची सोयच नाही. १६० एकरांचा चौकोन एका बाजूला अर्धा मैल भरतो. चारी बाजूंना अर्धा-अर्धा मैलाची हद्द, आणि आत आपलं आपणच.

विला कॅथर नेब्रास्कातल्या याच माळावर वाढली. तिची ‘अ वॅग्नर मॅटिने’ (१९०४) वाचताना हा अर्धा मैल लक्षात ठेवा. बॉस्टनच्या संगीतशाळेत शिकवणारी जॉर्जियाना प्रेमात पडून नवऱ्याबरोबर माळावर जाते. रेल्वे पन्नास मैल लांब. जमीन मोजायला साधन नाही म्हणून गाडीच्या चाकाला लाल सुती रुमाल बांधतात आणि चाकाचे फेरे मोजत जातात. तीस वर्षांनी ती कामानिमित्त बॉस्टनला येते आणि भाचा क्लार्क तिला वॅग्नर या जर्मन संगीतकाराचं संगीत ऐकायला नेतो. त्याआधी तिला घोर कसला, तर घरी अशक्त वासराला साय काढलेलं दूध कोण देईल आणि तळघरात उघडून ठेवलेल्या पिंपातले मासे खराब होतील का. वाद्यं सुरू होतात. तिची वाकडी झालेली बोटं काळ्या झग्यावर हलायला लागतात. पियानोवर चालायची ती बोटं. कार्यक्रम संपतो, लोक उठतात, वादक वाद्यं गवसणीत घालतात, आणि ती रडत म्हणते, ‘मला जायचं नाही, क्लार्क, मला जायचं नाही!’

नवरा आहे, मुलं आहेत, भाचा शेजारच्या खुर्चीत आहे. क्लार्कला कळतं, एवढंच तिच्या पदरात पडतं. पण ते कमी नाही. या सगळ्या यादीत एकट्या माणसाच्या शेजारी बसून ज्याला वेळेवर कळलं असा हाच एक मला सापडतो, आणि तो कळता झाला कारण लहानपणी मावशीनेच त्याला इस्त्री करता करता लॅटिन शिकवलं होतं.

“मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, लग्न केलं नाही, एकटी राहते आणि सुखात आहे. तुमच्या यादीतली प्रत्येक एकटी बाई वेडी तरी होते किंवा मरते तरी. स्वतःच्या मर्जीने एकटी राहून समाधानी असलेली एकही नाही का?”

तुमचं पत्र वाचून मी खजील झाले. आहे, आणि ती यादीत असायलाच हवी होती. मेरी विल्किन्स फ्रीमनची ‘अ न्यू इंग्लंड नन’. १८८७मध्ये ‘हार्पर्स बझार’मध्ये आली आणि १८९१मध्ये त्याच नावाचा संग्रह निघाला.

लुइझा एलिस एकटी राहते. तिचा वाग्दत्त जो डॅगेट पैसे कमवायला ऑस्ट्रेलियाला गेला तो चौदा वर्षांनी परतलाय. आता लग्न महिन्यावर आलंय. तो भेटायला येतो तो प्रसंग बघा. टेबलावर दोन पुस्तकं आहेत, एक खाली, एक वर. जो डॅगेट ती सहज उचलून बघतो आणि परत ठेवताना वरचं खाली, खालचं वर करतो. लुइझा हळूच उठून ती पुन्हा होती तशी लावते. तो हसतो, म्हणतो, काय फरक पडतो? जाता जाता त्याचा पाय अडखळतो, शिवणाची टोपली उलटते, रिळं घरंगळत जातात. तो गेल्यावर ती दिवा घेऊन सतरंजीवर वाकते आणि बोट फिरवून बघते: आणलीच माती पायाला!

जो डॅगेट चांगला माणूस आहे, हे फ्रीमन ठासून सांगते. म्हणून ही गोष्ट मोठी. लुइझाला त्याच्यापासून पळायचं नाही. तिला तिचा दिवस हवा आहे: फुलांचा अर्क काढणं, रोजच्या चहाला चिनी मातीची चांगली भांडी वापरणं (शेजारणी यावर कुजबुजतात), केवळ शिवायला गोड वाटतं म्हणून एखादी शिवण उसवून पुन्हा घालणं. एका चांदण्या रात्री तिला रस्त्याकडेला जो आणि लिली डायर यांचं बोलणं ऐकू येतं. दोघांचं एकमेकांवर मन आहे, आणि दोघंही दिलेला शब्द मोडायला तयार नाहीत. लुइझा लिलीचं नावही न काढता जोला मोकळं करते. रात्री थोडी रडते. सकाळी उठते ती राज्य हातचं जाता जाता वाचलेल्या राणीसारखी.

त्या काळच्या न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, अशा बायका पुष्कळ होत्या. तरुण पुरुष पश्चिमेकडे निघून गेले होते, कित्येक यादवी युद्धातून परतलेच नाहीत. बाहेरच्यांना त्या मागे राहिलेल्या दिसत. फ्रीमनने एकीच्या घरात शिरून पाहिलं आणि तिथे एक भरलेला दिवस सापडला.

पण ती खोटं सांगत नाही. लुइझाच्या अंगणात सीझर नावाचा कुत्रा आहे. लहानपणी एकदा कुणाला चावला म्हणून चौदा वर्षं साखळीला बांधलेला. त्याचं काय करायचं, हा प्रश्न गोष्ट तसाच राहू देते.

तुमच्या पत्रावर विचार करताना आणखी एक गोष्ट दिसली, जी इतकी वर्षं शिकवूनही माझ्या नजरेतून निसटली होती. शेवटी लुइझाला पुढचे दिवस जपमाळेच्या मण्यांसारखे एकसारखे ओवलेले दिसतात. आणि शेरवुड अँडरसनच्या ‘हँड्स’मध्येही शेवटी जपमाळच आहे! ती कथा ‘वाइन्सबर्ग, ओहायो’ (१९१९) या पुस्तकातली. विंग बिडलबॉम पूर्वी पेन्सिल्व्हेनियात शिक्षक होता. बोलताना मुलांच्या खांद्यावर, केसांवर मायेने हात ठेवायचा. एका मुलाच्या भलत्याच बोलण्यावरून गावाने त्याला मारून हाकलून दिलं. वीस वर्षं तो वाइन्सबर्गच्या कडेला नाव बदलून राहतो. त्याचे हात इतके चपळ, की दिवसाला १४० क्वार्ट (क्वार्ट म्हणजे साधारण एक लिटरचं माप) स्ट्रॉबेरी खुडतात, आणि त्याच हातांना तो खिशात लपवतो. गावातल्या एकाशी, जॉर्ज विलर्डशी, तो मनापासून बोलतो. बोलता बोलता हात जॉर्जच्या खांद्यावर जातात आणि विंग दचकून पळ काढतो. रात्री एकटा जेवतो, भांडी धुतो, आणि जमिनीवर पडलेले पावाचे कण दिव्याच्या उजेडात गुडघे टेकून एकेक वेचून तोंडात टाकतो. ती भराभर हलणारी बोटं बघून वाटावं, एखादा भाविक माळ ओढतोय.

माळ एकच. लुइझाने ती स्वतः हातात घेतली आहे, विंगच्या हातात गावाने दिली आहे. आपण एकांत म्हणतो आणि एकाकीपण म्हणतो, तो फरक मला या दोन शेवटांइतका स्वच्छ कुठेच दिसला नाही.

तुम्हाला ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२) आवडली नाही असं लिहिलंय. ती आवडण्यासाठी नाहीच. शार्लट पर्किन्स गिलमन हिला बाळंतपणानंतर नैराश्य आलं, तेव्हा वायर मिचेल या नामांकित डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती दिली. वर ताकीद दिली, की जन्मात पुन्हा पेन, ब्रश किंवा पेन्सिल हातात धरायची नाही. तिने काही महिने ते पाळलं आणि वेडाच्या काठापर्यंत गेली. मग पेन उचललं. कथेतली बाई नवऱ्याची पावलं ऐकली की लिहिणं लपवते, हे ध्यानात घ्या. इथे गोष्ट सांगायला शेजारी कुणी नाही. तिची गोष्ट तिलाच, चोरून सांगावी लागते. तिच्या खोलीची लुइझाच्या खोलीशी तुलना करून बघा. दार कोण बंद करतं, एवढं बघितलं तरी पुरे.

“हेमिंग्वेच्या कॅफेच्या गोष्टीत कुठला वेटर काय बोलतो ते मला कळत नाही. माझं चुकतंय का?” (अनुवाद करणारे एक वाचक)

तुमचं चुकत नाही. रात्री उशिरा कॅफेत बसलेल्या एका म्हाताऱ्याबद्दल दोन वेटर बोलतात, एवढीच ही गोष्ट. ‘अ क्लीन, वेल-लायटेड प्लेस’ १९३३मध्ये ‘स्क्रिब्नर्स मॅगझिन’मध्ये आली, आणि १९५९पासून अभ्यासक यावर भांडत आहेत. ‘तो म्हणाला’ हे हेमिंग्वे बहुतेक ठिकाणी गाळतो. त्यामुळे म्हाताऱ्याच्या पुतणीने त्याला फासावरून खाली काढलं ही बातमी दोघांपैकी कुणाला आधी ठाऊक होती, याचा हिशेब जुळत नाही. हेमिंग्वे १९६१मध्ये गेला. १९६५मध्ये प्रकाशकांनी एक वाक्य एका वेटरच्या तोंडातून काढून दुसऱ्याच्या तोंडी घातलं. हिशेब जुळला, आणि मग तसं करायला हवं होतं का, यावर नवं भांडण सुरू झालं. तुमच्या हातातली प्रत १९६५च्या आधीच्या पाठाची आहे की नंतरच्या, ते आधी तपासा आणि अनुवादाच्या टिपेत नोंदवा.

मी स्वतः जुना पाठ घेईन. रात्रीचे दोन वाजलेत, एका बहिऱ्या म्हाताऱ्याबद्दल दोन माणसं बोलतायत, आणि कोण बोलतंय हे मध्येच हरवतं. तरुण वेटरला घरी बायको वाट बघतेय म्हणून घाई आहे. थोरल्याला घाई नाही. ज्याला उजेड लागतो अशा कुणासाठी तरी दुकान उघडं राहावं, असं त्याला वाटतं. दोघांचे आवाज क्षणभर मिसळले तर मिसळू देत.

“सहा महिन्यांपूर्वी नव्या शहरात आले. ओळखीचं कुणी नाही. या गोष्टी वाचून मन आणखी जड होतं. वाचू की नको?” (एक विद्यार्थिनी)

आत्ता नको. हे मी या गोष्टींवर जीव असूनही सांगते आहे. पुस्तक कुठे जात नाही. आधी रोज एका माणसाशी चार वाक्यं बोलायचं ठरव, मग ती ग्रंथपाल असो की शेजारच्या खोलीतली मुलगी. आणि झोप, भूक उडाली असेल, नको ते विचार येत असतील, तर आजच घरच्यांना फोन कर आणि डॉक्टरांना भेट. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नंतर, मन थोडं थाऱ्यावर आलं की, रेमंड कार्व्हरची ‘कथीड्रल’ (१९८१) वाच. तीच आधी वाच. बायकोचा अंध मित्र मुक्कामाला येणार म्हणून कुरकुरणारा नवरा ही गोष्ट सांगतो. रात्री बायको सोफ्यावर झोपून जाते आणि टीव्हीवर मोठमोठी चर्चेस दाखवत असतात. कथीड्रल म्हणजे कसं दिसतं, हे त्याला पाहुण्याला सांगता येत नाही. मग पाहुणा म्हणतो, जाड कागद आण, आपण काढू या. घरात कागद सापडत नाही. स्वयंपाकघरात सामानाची एक कागदी पिशवी मिळते, तळाशी कांद्याची सालं असलेली. तो ती झटकतो, टीपॉयवर पसरतो. अंध माणूस आपला हात त्याच्या पेन धरलेल्या हातावर ठेवतो आणि दोघं मिळून कमानी, खिडक्या, दारं काढत जातात. मग पाहुणा सांगतो, आता डोळे मीट. पुढचं तू वाच.

वाचलीस की मला लिही. मी वाट बघते.

“‘वेकफिल्ड’मध्ये तो घरी परतल्यावर बायको काय म्हणाली असेल?” (हे पत्र एका ओळीचंच आहे.)

हॉथॉर्न सांगत नाही. १८३५ची गोष्ट. लंडनमधला एक माणूस चार दिवसांनी येतो म्हणून घरातून निघतो, शेजारच्याच रस्त्यावर खोली घेतो, आणि वीस वर्षं तिथून आपलं घर बघत राहतो. बायको स्वतःला विधवा समजते. मग एका संध्याकाळी दार उघडून तो आत जातो, आणि हॉथॉर्न म्हणतो, आपण उंबऱ्यापलीकडे त्याच्यामागे जायचं नाही.

वेकफिल्डच्या एकटेपणावर खूप लिहिलं गेलंय. तुम्ही तिची आठवण काढलीत, म्हणून हे पत्र शेवटी ठेवलं. तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात औषधवाला घरात शिरतो, दुसऱ्या दिवशी दारावरच्या कडीला आवाज होऊ नये म्हणून कापड गुंडाळतात, संध्याकाळी डॉक्टरांची गाडी थांबते. हे सगळं आपल्याला समोरून, त्याच्या नजरेतून कळतं. ती मरेल का, असं त्याला वाटून जातं, तरी तो जात नाही. काही आठवड्यांनी ती बरी होते. त्यानंतर दहा वर्षांनी गर्दीत दोघांचा धक्का लागतो, ती चर्चच्या दारात क्षणभर थांबून मागे बघते आणि आत जाते. वीस वर्षांत तिच्या तोंडी एक शब्द नाही.

शेवटच्या संध्याकाळी पाऊस आहे. तो रस्त्यावर भिजत उभा आहे, वरच्या मजल्याच्या खिडकीत शेकोटीचा लाल उजेड दिसतोय, आणि छतावर तिची सावली पडली आहे: टोपी, नाक, हनुवटी, रुंद कंबर. ज्वाळा वरखाली होते तशी ती सावली नाचते. पावसाची एक सर त्याच्या तोंडावर येते आणि तो पायऱ्या चढायला लागतो. ती वर आहे, शेकोटीपाशी, आणि दार वाजणार आहे हे तिला ठाऊक नाही.